कंसातला हशा

मुलांनो, मागच्या खेपेला तुम्ही नैरोबीहून आलात तेव्हा ठाण्याच्या वाचनालयात तुमच्या पणजोबांच्या तसबिरीखाली उभे राहिला होतात. तसबिरीच्या पितळी पट्टीवर लिहिलं आहे की ते वकील होते, म्युनिसिपालिटीचे सभासद होते आणि गव्हर्नरच्या कायदेकौन्सिलात होते. धाकटीने विचारलं, "आजी, पण त्यांनी केलं काय?" मी म्हटलं, "बायकांना मत मिळावं म्हणून भांडले." तेवढ्यात तुमच्या गाडीची वेळ झाली आणि बोलणं तिथेच राहिलं. अर्धं उत्तर देऊन सोडून द्यायची मला सवय नाही. म्हणून उरलेलं आता क्रमाने लिहिते.

आधी माझ्याविषयी एक सांगते. पुष्कळ वर्षांनी बायकांना मताचा हक्क आला आणि मी पहिल्यांदा मत देऊन आले, तेव्हा घरी सगळे विचारत होते, कसं वाटलं? मला काहीच वाटलं नव्हतं. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि गवार निवडायला बसले. तुमच्या वडिलांना ते फार चमत्कारिक वाटलं. पण त्या विषयातलं जे काही वाटायचं होतं, ते आमच्या घरात फार पूर्वी वाटून संपलं होतं.

माझं माहेर कल्याणचं. वडील शाळेत हेडमास्तर होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. मुलगा असता तर शिकवलं असतं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ठाण्याच्या घरी माझं लग्न ठरलं तेही त्या इंग्रजीमुळेच. मामंजींची, म्हणजे तुमच्या पणजोबांची, नजर अधू होत चालली होती. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे वर्तमानपत्र धरलं आणि एक परिच्छेद वाचून घेतला. रंग, उंची, स्वयंपाक, कशाचीच चौकशी केली नाही. परत जाताना सासूबाई म्हणाल्या, "सून केली की कारकून नेमला?" मामंजी म्हणाले, "दोन्ही. पगार एकच."

घर तळ्याच्या मागच्या आळीत होतं. पुढे ओसरी आणि मामंजींचं पक्षकारांचं दालन, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. मामंजी कोर्टातून आले की चहा घ्यायला मागच्या पडवीतच येत. तिथे सासूबाई विळीवर भाजी चिरत बसलेल्या असत. कौन्सिलात जे बोलायचं असे ते मामंजी आधी तिथे, पाटावर बसून, मराठीत बोलून दाखवत. "आधी तुला कळलं पाहिजे," ते म्हणत, "मग लाटसाहेबांना कळेल." सासूबाई मान वर न करता ऐकत आणि मधेच म्हणत, "हे लांबलं," किंवा "इथे मला डुलकी आली." जिथे डुलकी येई तो भाग मामंजी खरोखरच काढून टाकत. मग रात्रीच्या जेवणाआधी ते मला इंग्रजी मजकूर सांगत आणि मी तो मोठ्या अक्षरात उतरवून देई, म्हणजे त्यांना वाचता यावा.

बायकांच्या मताचा विषय कसा निघाला ते सांगते. खाडीच्या अंगाला एका विधवा बाईचं घर होतं. तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. नवऱ्यामागे कोलशेतच्या मिठागरातला वाटा आणि ठाण्यातलं घर, दोन्ही तीच सांभाळी. आम्ही तिला मिठागरवाली म्हणत असू. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत घरपट्टी भरणाऱ्याला मत असे, पण तो पुरुष असला तरच. ती एकदा मामंजींकडे आली आणि ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाली, "वकीलसायेब, घर माजा हाय. पट्टी मी भरतंय. मंग मताला मना का नाय बोलावत?"

मामंजी तिला कायदा समजावू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ता समजला. पन का नाय बोलावत?"

ती गेल्यावर मामंजी मागे आले आणि पाटावर बसले. सासूबाई आतून सगळं ऐकतच होत्या. त्या दोडक्याच्या शिरा काढत म्हणाल्या, "पट्टीच्या दिवशी शिपायाला तिचं दार बरोबर सापडतं. मताच्या दिवशी तोच शिपाई वाट चुकतो होय?"

मामंजी हसले. अगदी मोकळे हसले, उपरण्याने डोळे पुसले. मग म्हणाले, "हे असंच घेतो."

कौन्सिलापुढे म्युनिसिपालिट्यांच्या कायद्यातली दुरुस्ती यायची होती. स्वतःच्या नावावर घरपट्टी भरणाऱ्या बाईला मत असावं, अशी उपसूचना मामंजींनी दिली. त्यांचं सबंध भाषण पडवीत तयार झालं आणि सासूबाईंचं वाक्य त्याच्या मधोमध बसलं. ते इंग्रजीत करताना मला फार त्रास झाला. तीनदा लिहिलं. मामंजी म्हणाले, "शिपाई वाट चुकला पाहिजे. तुझा शिपाई नुसता गैरहजर राहतो आहे." चौथ्यांदा तो वाट चुकला.

पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरे. मामंजी तिथून परतले तेव्हा सासूबाई पडवीत बसल्या होत्या, मी तांदूळ पाखडत होते. त्यांनी पगडी काढून खुंटीला लावली. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"पडलं."

"माझं वाक्य?"

"म्हटलं ना."

"मग?"

"हसले."

"कसे हसले?"

"हसले म्हणजे हसले. पाणी दे."

एवढंच. दोन दिवसांनी इंग्रजी वर्तमानपत्रात भाषणाचा गोषवारा आला. मी तो पडवीत वाचून मराठीत सांगितला. ते वाक्य जसंच्या तसं छापलं होतं आणि त्याच्यापुढे कंसात 'हशा' असा शब्द होता. सासूबाईंनी विचारलं, "कंसात म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे ते बोललेलं नाही, घडलेलं आहे." मामंजी तेव्हा तिथेच बसले होते. ते उठून ओसरीवर गेले.

त्याच सालच्या फाल्गुनात ताप येऊन मामंजी वारले.

आमच्यात केशवपन नव्हतं. बाकी सगळं होतं. सासूबाईंनी बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं, पांढरं लुगडं नेसल्या आणि माजघरातली जागा सोडून कोठीच्या खोलीत जाऊन बसल्या. सवाष्णी आल्या की पुढे यायचं नाही, शुभकार्यात दिसायचं नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीच सुरू केलं आणि आम्ही चालू दिलं. आज लोक म्हणतात, ते असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं. मला ते माहीत नाही. ते असते तर हा प्रश्नच नव्हता, आणि नसतील तेव्हा काय करावं हे त्यांनी कधी सांगून ठेवलं नव्हतं.

त्या वर्षात सासूबाई माझ्यादेखत रडल्या नाहीत. घरात कुणीच फारसं रडत नव्हतं. जेवणं वेळेवर होत, दिवे वेळेवर लागत, पडवीत मात्र कुणी बसत नसे. सासूबाई एवढंच करत, की अधूनमधून मला कोठीत बोलावत आणि वर्तमानपत्रातल्या त्या गोषवाऱ्याचं कात्रण वाचायला सांगत. मी त्यांच्या वाक्यापर्यंत आले की हात वर करत.

"पुढे काय आहे?"

"हशा."

"हशा कुणाचा गं? माझ्या बोलण्याला हसले, की बायकांना हसले?"

"ते लिहिलेलं नाही, सासूबाई."

"हं," त्या म्हणत. "ठेव."

काही दिवसांनी पुन्हा तेच. त्यांनी एकदा तुमच्या आजोबांनाही विचारलं. ते म्हणाले, "आई, सभेत लोक हसतातच." वाक्य सासूबाईंचं होतं हे मामंजी गेल्यावर आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्याचं श्रेय त्यांना नको होतं. तसं त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांना एवढंच कळायला हवं होतं की आपल्या नवऱ्याला आपण जे बोलायला दिलं, त्या वाक्याने नवऱ्याची बाजू राखली की त्याचं हसं केलं.

वर्षश्राद्ध झालं. गावातल्या पुरुषमंडळींनी वाचनालयात सभा घेऊन तसबीर लावली, तीच तुम्ही पाहिलीत. बायकांना सभेचं बोलावणं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. तुमचे आजोबा सभेहून आले आणि कोठीच्या दारात उभं राहून आईला वृत्तांत सांगू लागले. तळ्याचं पाणी, रस्ते, दवाखाना, सगळ्यांचा उल्लेख झाला होता.

"आणि मताचं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं की. एक वकील म्हणाले, बायकांच्या मताचा तेवढा एक छंद सोडला, तर इतका व्यवहारी माणूस ठाण्यात झाला नाही."

"छंद म्हणाले?"

"प्रेमाने म्हणाले, आई."

"तेव्हा लोक हसले का?"

"थोडे हसले."

सासूबाई म्हणाल्या, "बरं. जेवून घे."

ही हकीकत आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेली. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. तेव्हा बाई डॉक्टर आमच्या गावात कुठली असायला! मोठ्या उरकाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरात येऊन म्हणाल्या, "पुरुषांनी त्यांची सभा केली, आपण आपली करू. ते आपल्यासाठी भांडले, आपण चार बायका जमायला नकोत? तुम्ही त्यांचं ते भाषण वाचून दाखवा, मराठीत."

मी म्हटलं, "बायकांना सभेला कोण सोडेल?"

"सभेला कशाला? चैत्र आहे. गौरीचं हळदीकुंकू करा. हळदीकुंकवाला कुणाची सासू नाही म्हणते?"

ते खरं होतं. हळदीकुंकवाशिवाय आळीतल्या बायका एका घरात जमत नसत. आम्ही दोघी लगेच कामाला लागलो. चाळीसेक घरी बोलावणं करायचं, हरभरे किती भिजवायचे, कैऱ्या कुठून आणायच्या, सतरंज्या कुणाकडच्या. सगळं ठरल्यावर मी कोठीत जाऊन सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विधवांना बोलावणं नाही."

 खरंच, माझ्या आणि डॉक्टरीणबाईंच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. घरपट्टी भरणाऱ्या बायका म्हणजे बहुतेक विधवाच. ज्यांच्यासाठी ते भाषण होतं त्यांनाच येता येणार नव्हतं, आणि ज्या येणार होत्या त्यांच्यातल्या एकीच्याही नावावर घर नव्हतं. मी म्हटलं, "मोडू का?"

"मोडू नकोस. दुसऱ्या कशाला त्या घराबाहेर पडणार?" मग म्हणाल्या, "मी इथे दाराआड बसते. दार लोटू नकोस. ते वाक्य आलं की जरा थांब. बायका हसल्या तर मला कळेल."

"काय कळेल?"

"कसं हसतात ते. बायका बायकांना हसणार नाहीत. हसल्या तर माझ्या बोलण्यालाच हसतील." आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "मिठागरवालीला निरोप पाठव. मागल्या दाराने ये म्हणावं. पडवीत बसेल."

हळदीकुंकवाच्या दिवशी गौर झोपाळ्यात बसवली. समोर करंज्या, कलिंगडाची फोडलेली कमळं, पन्ह्याचं घंगाळ. तुमचे आजोबा घराबाहेर पडताना म्हणाले, "तुम्ही कायदे करा. आमच्यासाठी पन्हं राखा म्हणजे झालं."

उन्हं उतरल्यावर बायका आल्या. माजघर भरलं. मी हळदीकुंकू लावत होते, डॉक्टरीणबाई अत्तर लावत होत्या आणि बोलण्याचा गलका चालू होता.

"आज म्हणे भाषण आहे. डॉक्टरीणबाई, तुम्ही करणार?"

"मी कसलं करते? डाळ वाटून हात भरून आलेत."

"अहो, पण मत द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं असतं?"

"तुम्ही घरात कधी दिलं नाहीत का?"

"एकदा दिलं होतं. होतं तसं परत आलं."

सगळ्या हसल्या. मला वाटलं, आज त्या वाक्याला हसतील. सासूबाईही ऐकत असणार.

सगळ्यांना हरभरे आणि डाळ मिळाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता जरा गप्प बसा बाई." मी भाषणाचा मराठी मजकूर घेऊन कोठीच्या दाराजवळ बसले. दार उघडं होतं आणि आत अंधार होता. मी वाचायला लागले. आवाज कापला नाही. त्या वर्षात कशानेच कापत नव्हता. घर कुणाचं, पट्टी कोण भरतं, गटार तुंबलं तर कुणाच्या दारात तुंबतं, हे सगळं बायकांनी नीट ऐकलं. एकदोघींनी माना हलवल्या. मग मी ते वाक्य वाचलं. सासूबाई म्हणाल्या होत्या जवळजवळ त्याच शब्दांत, फक्त 'तिचं'च्या जागी मामंजींनी 'विधवेचं' घातलं होतं.

"पट्टीच्या दिवशी शिपायाला विधवेचं दार बरोबर सापडतं. मताच्या दिवशी तोच शिपाई वाट चुकतो."

मी थांबले.

कुणी हसलं नाही. विधवा हा शब्द हळदीकुंकवात मोठ्याने उच्चारला गेला होता. सगळ्यांच्या नजरा एकदा त्या काळोख्या दाराकडे गेल्या आणि परत आपापल्या मांडीवर आल्या. एकीने पदर सारखा केला. डॉक्टरीणबाईंनी गुलाबदाणी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मी पुढचं वाचावं की नाही ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात मागून, पडवीतून, हसू ऐकू आलं. मिठागरवाली हसत होती. पोटातून, ठसका लागेपर्यंत. ठसका लागला तसा भांडं उपडं झाल्याचा आवाज आला, पन्ह्याचंच असावं, आणि ती कुणाला उद्देशून नव्हे तर आपल्याशीच म्हणाली, "आवो बाय, ह्यो तं आमचाच शिपाय!" आणि पुन्हा हसली.

माजघरात एकीला हसू फुटलं. तिने तोंडावर पदर धरला. तिच्या शेजारची हसली. सगळ्या काही हसल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचा, पुढे वाचा," आणि मी उरलेलं वाचलं. ते फार नव्हतं. मग ओट्या भरल्या, गुलाबपाणी शिंपडलं आणि बायका दिवे लागायच्या सुमाराला आपापल्या घरी गेल्या. जाताना एक म्हणाली, "छान झालं हो. डाळीत मीठ अंमळ कमी होतं."

मिठागरवाली गेल्यावर मी पडवी पुसली. सासूबाई कोठीतून बाहेर आल्या आणि वर्षात पहिल्यांदा पडवीत, विळीच्या जागेवर बसल्या. पुढे ताट ओढून त्या त्यातले राहिलेले हरभरे निवडायला लागल्या. मी समोर बसले. 

मग त्या म्हणाल्या, "अशी हसली ती."

"हो."

"ते कौन्सिलात असे हसले असते, तर स्वारीने घरी येऊन मला हसून दाखवलं असतं."

त्या मामंजींना स्वारी म्हणत.  मामंजींनी पगडी खुंटीला लावली आणि पाणी मागितलं, ते मीही पाहिलं होतं, पण असा अर्थ मी लावला नव्हता. मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर दुःख नव्हतं, रागही नव्हता. एखादा जिन्नस कुठे ठेवला ते आठवल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा होता. कौन्सिलातले लोक बायकांना हसले होते, आणि मामंजींनी ते हसणं बरोबर घेऊन न येता कुठेतरी वाटेत टाकून दिलं होतं. विचारलं तर पाणी मागितलं होतं.

"तिला जाताना डाळ दिलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"ओटी भरता आली नसती. केळीच्या पानात बांधून दिली."

"बरं केलंस."

त्यांनी न भिजता खडा राहिलेला एक हरभरा बाजूला टाकला. कात्रण वाचायला त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या भाजी चिरायला पडवीत बसू लागल्या, आणि सवाष्णी आल्या की उठून आत जात.